तोफगोळ्यांसाठी काळी पोत

“किती पदरी करायचंय, काका?” कर्जतच्या बाजारात कटलरीच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं. मी काळी पोत मागितली होती आणि मणी 2 मिलिमीटरचाच हवा म्हणून अडून बसलो होतो. जहाजाच्या प्रतिकृतीसाठी तोफगोळे करायचेत म्हटल्यावर तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग काही न बोलता पट्टी काढली. गुराब म्हणजे मराठा आरमारातलं लढाऊ जहाज. तिच्या नाळेकडची तोफ 9 पौंडी धरली, तर तिचा गोळा साधारण 4 इंचांचा. पन्नासाव्या हिश्शात 2 मिलिमीटर. मंगळसूत्राचा मणी तिथं नेमका बसतो.

कर्जतच्या भिसेगावात राहून जहाजांच्या प्रतिकृती करायच्या म्हणजे असं दुकानोदुकानी हिंडणं आलंच. तयार संच परदेशातून मागवता येतात, पण त्यांत बहुधा नेल्सनची ‘व्हिक्टरी’, नाहीतर कोलंबसची ‘सांता मारिया’. कान्होजी आंग्र्यांची गुराब कुठल्या खोक्यात मला अजून भेटलेली नाही. बरंच आहे. खोक्यात प्रत्येक भाग नंबर घालून आलेला असतो. नुसतं जोडत बसायचं. माझा जीव शोधण्यात.

खराट्याचा हीर घ्या. एका टोकाला जाड, पुढं निमुळता. गलबताचं तिरकं शीड ज्या काठीला बांधतात ते परभाण असंच असतं. कानससुद्धा लावावी लागत नाही. बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलचं पितळी टोक कापलं की जंबुरा, म्हणजे छोटी तोफ, तयार. दोरखंडाला सुती दोरा चालतो, पण कोरा नको. त्याची लव सुटते आणि दोरखंडावर केस उगवल्यासारखे दिसतात. पोळ्याच्या मेणावरून दोनदा ओढला की गुळगुळीत.

खरी पंचाईत लाकडाची. मोठ्या जहाजाला सागासारखं लाकूड नाही. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, सागातलं तेल त्यांना सांभाळतं. वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ 1817 साली पाण्यात उतरली, ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. हातभर लांबीच्या जहाजावर मात्र सागाचा जाड रेषा डोळ्यांत खुपतो. तिथं हेद बरा, पिवळसर आणि बारीक पोताचा. जुनं घर उतरवताना कधी एखादा तुकडा हाती लागतो.

लाकूड शोधताना हटकून ‘आज्ञापत्र’ आठवतं. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास ते लिहिलं. त्यात आरमाराच्या लाकडाची तजवीज आहे. साग वगैरे झाडं लागतील ती परवानगी घेऊन तोडावीत, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावायचा नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या खुशीनं तोडावं. समोर सिद्दी, फिरंगी, इंग्रज उभे, आणि हुकूम लिहिणाऱ्याला काळजी कुणाच्या परसातल्या फणसाची! कारखान्याला जमीन घेताना आजच्या फायलींत असं वाक्य शोधून दाखवा.

आणि या आरमाराचा श्रीगणेशाही आमच्याच नदीकाठचा. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास कर्जतवरून बदलापूर करत कल्याणला पोचते. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आली आणि शिवाजी महाराजांनी तिथं जहाजबांधणी सुरू केली. कामावर फिरंगी कारागीरही होते. म्हणजे कसब परक्याचं चाललं, लाकूडही परमुलखातलं चाललं, पण रयतेचा आंबा नाही चालला.

सध्या भिसेगावात नव्या इमारती उठताहेत. सुतार कपाटांना सागाचा व्हिनिअर चिकटवतात आणि उरलेल्या पट्ट्या जाळून टाकतात. अर्ध्या मिलिमीटरचा व्हिनिअर, त्याचे दोन थर चिकटवले की माझ्या मापात 2 इंची फळी. गुराबीच्या आतल्या अंगाला एवढी पुरे. तिथला रेषा कोण बघतो? तुमच्याकडं फर्निचरचं काम निघालं असेल, तर सुताराला तेवढं सांगून ठेवा. पट्ट्या जाळू नका, मी पिशवी घेऊन येतो.