जागेवरची सायकल

आमच्या दादाच्या ओटीवर एक सायकल उभी आहे. तिचे पुढचे चाक लाकडी ठोकळ्यावर विसावलेले असते आणि मागचे चाक एका लोखंडी घोडीत अडकवून जमिनीपासून चार बोटे वर उचललेले असते. पॅडल मारले की चाक फिरते. सायकल मात्र जागची हलत नाही. या घोडीला ट्रेनर म्हणतात. थंड देशांतील सायकलपटू हिवाळ्यात सराव मोडू नये म्हणून ती घरात मांडतात. आमच्या वसईत ना बर्फ, ना तसला हिवाळा. त्यामुळे हे साधन पाहून येणाऱ्याजाणाऱ्यास हसू यावे हे स्वाभाविकच होते. "दादा, कुठवर पोचलात?" असे कोणी फाटकातून विचारी आणि "पापडीच्या तळ्यापर्यंत," असे दादा उत्तर देई.

दादाला कंपवात आहे. २०१६ साली त्याचे निदान झाले. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या व्याधीविषयी निबंध लिहिला, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नाहीशा होतात. हात कापू लागतात, अंग ताठरते, आणि पुढेपुढे तर चालता चालता पाय एकाएकी जमिनीला खिळून राहतात. तारुण्यात भाजीच्या पाट्या सायकलला बांधून पहाटेच्या अंधारात वसई रोड स्टेशन गाठणारा आणि १९८६ च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे मुंबईस आले तेव्हा त्याच सायकलने स्टेशनवर जाऊन शिवाजी पार्कच्या गर्दीत उभा राहिलेला हा माणूस स्वतःच्या उंबरठ्याशी पाच-पाच मिनिटे अडून राहू लागला. २००५ च्या ईस्टरला तेच पोपमहोदय खिडकीत आले, परंतु त्यांच्या मुखातून शब्द फुटला नाही. ते दृश्य आम्ही दोघांनी शेजारी बसून दूरदर्शनवर पाहिले होते. त्यांनाही हाच आजार होता. निदान झाल्याच्या दिवशी दवाखान्यातून परतताना दादा एवढेच म्हणाला, "म्हणजे माझीही वाचा जाणार."

सायकलची कल्पना माझी. मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळतो. २०१० साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात एका अठ्ठावन्न वर्षांच्या कंपवाताच्या रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्या गृहस्थांना चार पावले धड टाकता येत नव्हती. सायकलवर बसवताच मात्र ते सराईतपणे ती चालवू लागले, वळवू लागले, आणि खाली उतरताच त्यांचे पाय पुन्हा खिळले. त्याआधी २००३ साली अमेरिकेत जे अल्बर्ट्स या संशोधकांनी अशाच एका आजारी स्त्रीसोबत दोघांच्या जोडसायकलवर आयोवा राज्य ओलांडले. पुढे बसलेल्या अल्बर्ट्स यांच्या गतीने तिचेही पाय फिरत राहिले, आणि त्या प्रवासात तिचे हस्ताक्षर सुधारल्याचे दिसून आले. तेव्हापासून या विषयाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. सायकलने आजार बरा होत नाही, हे मी येथे स्पष्ट लिहितो, कारण आपल्या समाजात ऐकीव उपचारांची वाण नाही. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मात्र कल्पना उचलून धरली आणि एकच अट घातली : भार हलका ठेवा, पाय भरभर फिरू द्या.

रस्त्यावर आज धडधाकट माणूसही सायकल काढताना कचरतो. म्हणून २०२२ साली हे ट्रेनर घेतले. दादाच्या जुन्या काळ्या सायकलच्या दांडीवरून पाय टाकणे त्याला जमेना, तेव्हा पुतणीच्या कॉलेजच्या दिवसांतली लेडीज सायकल माळ्यावरून उतरवली. त्या अपमानापोटी दादा दोन दिवस रुसून होता. तिसऱ्या दिवशी बसला आणि पाय फिरू लागले! उंबरठ्याशी अडणारे तेच पाय! वहिनी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या, आणि मी तोंड फिरवून उगाच घोडीचे स्क्रू तपासू लागलो.

किती वेळ चालवायचे हे दादाने आपल्या पद्धतीने ठरवले. घड्याळ नको, हँडलला रोझरी अडकवून पाच रहस्ये पुरी होईपर्यंत पाय थांबवायचे नाहीत. वीसेक मिनिटे लागत. गुरुवारी प्रकाशाची रहस्ये म्हणताना, "ही आमच्या पोपसाहेबांनी दिलेली," असे तो आवर्जून सांगे. ती रहस्ये २००२ साली जॉन पॉल दुसरे यांनीच रोझरीत घातली, हे खरे.

एक वर्ष असे गेले. २०२३ च्या पावसाळ्यात मात्र उतार लागला. जूनमध्ये पाच रहस्यांची चार झाली. जुलैत तीन. दादा धापा टाकी, मांड्या दुखतात म्हणे. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी दुसऱ्या रहस्याच्या मध्यावर तो थांबला, माळ हँडलवरून काढून खिशात घातली आणि म्हणाला, "आता पुरे. देवाने दिले होते तेवढे अंतर झाले." आम्ही कोणी काही बोललो नाही. आजार पुढे सरकला आहे हे सर्वांनी मनोमन मान्य केले होते. पुढच्या तपासणीत औषध वाढवण्याविषयी विचारायचे, हेही मी वहिनींशी बोलून ठेवले.

वहिनी एकच गोष्ट वारंवार सांगत होत्या. सायकलखाली रोज काळी भुकटी पडते, ओटी झाडून झाडून हात दुखतात, आणि ही भुकटी पहिल्या वर्षी पडत नव्हती. त्यावर मी, तीस वर्षे घर्षणाचा धडा शिकवलेला माणूस, हसून म्हणालो, "वहिनी, रबर घासले की भुकटी पडायचीच." हे वाक्य आठवले की आजही कानकोंडे व्हायला होते.

सप्टेंबरात ते ट्रेनर कोणा गरजूला द्यावे असे ठरले. पुसून द्यावे म्हणून मी सायकल घोडीतून सोडवली. टायरला जो रूळ टेकतो त्याच्या एका टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. रूळ हाताने फिरवून सोडला तर त्याने कितीतरी वेळ आपसूक फिरत राहायला हवे. मी फिरवला. अर्धा फेरा झाला आणि आतून वाळूवर खुर्ची ओढल्यासारखा आवाज येऊन तो थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. मी तिथेच जमिनीवर बसलो. एवढ्या थोरल्या भावाला आम्ही तीन महिने गंजलेल्या रुळावर पाय मारायला लावले होते. टायर रुळावर फरफटत होता, झिजत होता, त्याची भुकटी वहिनी झाडत होत्या, आणि दादा तो सगळा दोष आपल्या मांड्यांना लावून मुकाट्याने आवराआवर करीत होता.

मला खरी टोचणी होती ती वेगळीच. रस्ता दिसावा, माणसे दिसावीत म्हणून घोडी ओटीवर मांडण्याचा आग्रह माझा होता. समुद्रावरचा खारा वारा आणि पावसाची झड यांना ओटी किती उघडी असते हे आम्हा वसईकरांना कोणी शिकवायला नको.

जिथून ट्रेनर घेतले त्या दुकानदाराने सुटे भाग मिळत नाहीत, नवीन घ्या, असे सांगितले. मी ते घरीच उघडले. रुळाच्या दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियमची एक तबकडी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना, तिला न शिवता, चुंबक बसवलेले असतात. तबकडी फिरली की तिच्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते त्या फिरण्यालाच विरोध करतात. पायांना जाणवणारा भार तो हाच. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धातूची तबकडी फिरवायला अधिक जोर लागतो, हे फ्रान्सच्या लेआँ फूको यांनी १८५५ साली दाखवून दिले होते. फळ्यावर मी ती आकृती अनेकदा काढली होती; प्रत्यक्ष हातात प्रथमच घेत होतो. तबकडी निर्दोष होती. स्पर्शच नसल्यामुळे तिथे झिजण्याजोगे काही नसते. दोष होता तो रुळाचा आस ज्यांत फिरतो त्या दोन बेअरिंगांत.

तिथवर पोचायला फ्लायव्हील काढावे लागते, आणि ते काही केल्या सुटेना. दोन दिवस पाना लावून जोर केला, हाताची साल काढून घेतली. शेवटी आमच्या नाक्यावरच्या सायकलवाल्याला बोलावले. तो माझा विद्यार्थी, विज्ञानात काठावर उत्तीर्ण झालेला. त्याने एक नजर टाकली आणि अदबीने म्हणाला, "सर, आटे उलटे असतील. सायकलच्या डाव्या पॅडलचे असतात तसे." चालता चालता पॅडल सैल होऊन गळू नये म्हणून त्याचे आटे उलटे ठेवतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. त्याने पाना उलट दिशेला दाबला आणि चाक सुटले.

बेअरिंगवर ६००० हा क्रमांक कोरलेला होता. आतले भोक दहा मिलिमीटर, बाहेरचा व्यास सव्वीस, जाडी आठ. परदेशी यंत्रातला हा भाग वसईच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवरच मिळाला, दोन्ही मिळून दोनशे रुपयांच्या आत. रबराच्या झाकणाचे घेतले, म्हणजे दमट हवा आत शिरू नये. बसवताना पहिले मी वाया घालवले. आसावर चढवताना आतल्या कड्यावर ठोकायचे असते; मी बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली आणि नवे कोरे बेअरिंग खरखरू लागले. पुन्हा बाजारात फेरी. दुसऱ्या खेपेस सायकलवाल्याच्या सल्ल्याने आस रात्रभर वहिनींच्या फ्रीजरमध्ये बोंबलांच्या पिशवीशेजारी ठेवला. थंडीने तो केसभर आकसला आणि बेअरिंग हाताच्या दाबाने सरकले. आसाला बोंबलाचा वास मात्र दोन दिवस येत होता. मग टायरमध्ये नीट हवा भरली, रूळ टेकताच स्क्रूला आणखी दोन फेरे दिले, आणि घोडी ओटीवरून उचलून आतल्या खोलीत, खिडकीपाशी मांडली.

दादा बसायला तयार होईना. "यंत्र बिघडले होते, दादा. तू नाही," मी म्हणालो. तो हसला. "तू मास्तर. मुलाला नापास झाल्याचे सांगतानाही गोड बोलायचास." तेव्हा मी जुने बेअरिंग त्याच्या थरथरत्या तळहातावर ठेवले आणि त्याशेजारी वाया गेलेले नवे. आमच्या वाडीतल्या विहिरीवर रहाट होता तोवर त्याच्या आसाला तेल घालण्याचे काम दादाकडे असे. नुसत्या आवाजावरून तो कुरकूर कुठली हे सांगे. त्याने जुन्या बेअरिंगमध्ये करंगळी घालून फिरवून पाहिले. अडले. पुन्हा फिरवले. बराच वेळ तो ते उलटसुलट करीत राहिला. मग नव्यावर मारलेला हातोडीचा वण दाखवून म्हणाला, "हे कुणी ठोकले? तुला रहाटाजवळ आम्ही फिरकू देत नव्हतो ते बरोबर होते." आणि माळ मागितली.

त्या संध्याकाळी तीन रहस्ये झाली. पंधरा दिवसांनी पाच. औषध वाढवण्याविषयी डॉक्टरांना विचारले नाही. आता, दोन वर्षे उलटल्यावर, ती चारावर आली आहेत. या वेळी मी रूळ तीनदा तपासला, रूळ मोकळा फिरतो. दादाला ते सांगितले. तो "बरे" म्हणाला आणि चौथे रहस्य पुरे करून उतरला. वहिनी केरसुणी घेऊन आल्या, चाकाखाली वाकून पाहिले आणि केरसुणी तशीच परत घेऊन गेल्या.