शीग गेली, ग्रॅम आले

पूर्वी खेड्यातल्या आठवडी बाजारात ज्वारी-तांदूळ तोलत नसत, मापत. दोन निठव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. माप भरून वर दाण्यांची शीग चढली की मगच ते पोत्यात रितं व्हायचं. सपाट माप टाकणाऱ्या दुकानदाराकडे आजी पुन्हा जात नसे. गूळ, तूप, साखर मात्र वजनी शेराने. तो ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे 933 ग्रॅम. मापाचा शेर वेगळा, वजनाचा वेगळा, आणि पायलीही मुलखागणिक लहानमोठी. तरी त्या बायका दोन्ही हिशेब तोंडी करायच्या, याचं मला आजही मोठं कौतुक वाटतं.

मग 1956 चा कायदा झाला, 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि बाजार तराजूवर गेला. स्वयंपाकघर गेलं नाही. तिथे वाटी राहिली. कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं आणि कितीतरी नव्या सुना त्यावर स्वयंपाक शिकल्या. शिऱ्याला वाटीभर रवा, तर त्याच वाटीने साखर नि त्याच वाटीने पाणी. मग वाटी केवढी का असेना, शिरा जमतो. भाजणीचंही तसंच. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे, सगळं एकाच भांड्याने घ्यायचं. दळायला नेलं की गिरणीवाला किलोने पैसे लावणार, तेवढाच काय तो वजनाशी संबंध.

आता लेकी-सुना परदेशातून पाककृती विचारतात आणि पहिला प्रश्न असतो, “आई, वाटी म्हणजे किती ग्रॅम?” याला एक उत्तर नाही. 240 मिलिलिटरच्या कपात साखर साधारण 200 ग्रॅम बसते, मैदा जेमतेम 120 ते 125. मैदा चाळून घेतला तर आणखी कमी, दाबून भरला तर बराच जास्त. त्यात अमेरिकेतला कप 240 चा, ऑस्ट्रेलियातला 250 चा. तिथला मोठा चमचाही 15 ऐवजी 20 मिलिलिटरचा. केकचा मैदा म्हणूनच तोलून घ्यावा, या मताची मी आहे. लोणच्याचं मीठही. खडे मिठाच्या वाटीत फटी राहतात, बारीक मिठाची वाटी घट्ट भरते. पूर्वी घरोघरी खडे मीठच असायचं, म्हणून वाटीचं प्रमाण चुकत नसे. आज त्याच वाटीने बारीक मीठ घातलं तर लोणचं खारट होतं.

पण भाजणी, शिरा, उपमा, आप्प्यांचं पीठ यांना वजनाचा काटा लावण्यात मला अर्थ दिसत नाही. आजीच्या वाटीची ओळख तेवढी पुढच्या पिढीकडे जायला हवी. ती सोपी आहे: रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, काठोकाठ पाणी भरायचं. जितके ग्रॅम दिसतील, जवळजवळ तितक्याच मिलिलिटरची ती वाटी. तो आकडा पाककृतींच्या वहीत पहिल्याच पानावर लिहावा, आणि खाली हेही लिहावं की आमच्या घरी पीठ शीग लावून घेतात, साखर सपाट.