पांच तारे

सावंतवाडीच्या चितार आळींत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें लाकडी खेळण्यांचें दुकान आहे. परवां तो खिन्न दिसला. गूगलवर नऊ गिऱ्हाइकांनीं त्याला पांच पांच तारे दिले होते. दहाव्यानें एकच दिला आणि सरासरी ४.६ वर उतरली.

"सर, कॉलेजांतल्या पोरांकडून पन्नासएक चांगले अभिप्राय लिहवून द्या ना!"

तीस वर्षें मीं उत्तरपत्रिकांवर सढळ हातानें कृपागुण वाटले आहेत. तेव्हां माझें मन क्षणभर डळमळलें, हें कबूल करतों. पण न पाहिलेल्या मालाची स्तुति लिहावयाची कशी? शिवाय २०२२ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें अशा अभिप्रायांसाठीं मानक काढलें. तें ऐच्छिक खरें, पण विकत घेतलेली स्तुति त्यालाही मंजूर नाहीं.

मीं तो एका ताऱ्याचा अभिप्रायच वाचावयास मागितला. गृहस्थ पुण्याचे. टपालानें मागविलेल्या लाकडी फळांपैकीं आंब्याचा देंठ मोडून आला होता. देंठाविषयीं एक ओळ होती. दोनदां लिहूनही न आलेल्या उत्तराविषयीं सात.

उत्तराचा माझा खर्डा इतका अलंकारिक उतरला कीं, शिष्यानें तो अदबीनें बाजूला ठेवला व स्वतः लिहिलें, "चूक आमची. नवा आंबा पाठवीत आहें." आंबा भुशांत बसून रवाना झाला.

पंधरा दिवसांनीं अभिप्राय बदलला. तीन तारे, खालीं, "आंबा पोंचला. देंठ शाबूत."

उरलेले दोन तारे कशाबद्दल कापले, ह्याचा शोध तो अजून घेत आहे.