मामांचं ऋण

कोल्हापुरातल्या कळंबा रोडवरच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलो, तेव्हा आमच्याकडच्या बहुतेक पोरांसारखी माझीही ओळख फौंड्रीशीच होती. बीड वितळलं की साच्यात पाण्यासारखं धावतं, एवढंच ठाऊक. प्लॅस्टिक म्हणजे बादल्या-मगांचा माल, असं वाटायचं.

पुण्याकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. आम्लाच्या व्हॉल्व्हना आतून पीएफए नावाच्या प्लॅस्टिकचं अस्तर देण्याचं काम. तिथल्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणत. त्यांनीच मला या प्लॅस्टिकचं कूळ समजावलं. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना सापडलेलं टेफ्लॉन वितळबिंदूच्या वर तापवलं तरी वाहत नाही. त्याची भुकटी दाबून भाजावी लागते. त्याच कुळातलं एफईपी सुमारे २६० अंशांना, पीएफए ३०५ अंशांना वितळतं आणि साच्यात भरताही येतं.

भरता येतं, पण ते गुऱ्हाळातल्या घट्ट पाकासारखं सरकतं. जोरानं ढकललं तर पृष्ठभाग फाटून खरबरीत होतो. "ह्याला घाई चालत न्हाई पोरा, त्याच्या चालीनं जाऊ दे," मामा म्हणायचे. साचा तापलेला ठेवायचा, दट्ट्या सावकाश सोडायचा, निवतानाही दाब धरून ठेवायचा. कारण हा माल ३ ते ५ टक्के आकसतो. अस्तर सुटू नये म्हणून बीडाच्या अंगात खाचा असतात, त्यांत ते अडकून बसतं.

शेवटी मामा उच्च दाबाच्या विजेचा ब्रश आतून फिरवत. सुईच्या अग्राएवढं छिद्र असलं, तरी ठिणगी तिथून बीडात उतरते. तसा व्हॉल्व्ह ते कधीही पुढे जाऊ देत नसत. त्या व्हॉल्व्हपाशी उद्या कुणीतरी कामगार उभा राहणार आहे, हे भान मला त्यांच्याकडून मिळालं. पुढे फोरमन झालो, घर उभं राहिलं, ते याच भानावर.

आता आयटीआयची पोरं माझ्या हाताखाली येतात. त्यांना मामांची पहिली ताकीद आधी सांगतो, तुम्हालाही सांगतो: हा माल प्रमाणाबाहेर तापला की विषारी, गंजवणारा वायू सोडतो, म्हणून बॅरल-स्क्रू निकेलच्या मिश्रधातूचे असतात. माणसाची फुप्फुसं तशी नसतात. हीटर लावण्याआधी एक्झॉस्ट सुरू करा, आणि विडी-सिगारेट खिशातसुद्धा घेऊन मशीनपाशी जाऊ नका.