पाचेला आलेली पत्रं

इटलीतल्या पिसा शहराच्या दप्तरखान्यात अरबीत लिहिलेली काही पत्रं जपून ठेवलेली आहेत, साधारण १२०१ सालची. लिहिणारे ट्यूनिसचे कातड्याचे मुसलमान व्यापारी. ज्याला लिहिली, तो पाचे नावाचा पिसाचा ख्रिस्ती सौदागर. आदल्या वर्षी पिसाच्याच जहाजांनी ट्यूनिसच्या बंदरात मुसलमानांची गलबतं लुटली होती. आता सूड आपल्यावर उगवला जाणार, या धास्तीने तिथले पिसावाले व्यापारी पळाले. घेतलेल्या कातड्यांचे पैसे तसेच राहिले.

एवढं झाल्यावर पत्रात शिव्याशाप असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण पाचेला मानाने संबोधलं आहे. मग सरळ व्यवहाराचं बोलणं: अमक्यातमक्याकडे माझ्या कातड्यांचे इतके पैसे अडकलेत, तेवढे वसूल करून द्या. आणि तुम्ही या, इथे तुम्हाला कसलीही भीती नाही.

मला यातली उधारी सगळ्यात मोलाची वाटते. रोखीचा व्यवहार शत्रूशीही करता येतो. उधार मात्र, जो पुन्हा दारात येईल अशी खात्री असते, त्यालाच देतात.

याच्या थोडं आधी, ११८४ मध्ये, इब्न जुबैर हा अंदलूसचा, म्हणजे मुसलमानी स्पेनचा, हाजी दमास्कसहून व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर अक्का बंदराकडे निघाला. सुलतान सलादीनची फौज तेव्हा फ्रँकांच्या, म्हणजे धर्मयुद्धांसाठी आलेल्या युरोपीय ख्रिस्त्यांच्या, केरक किल्ल्याला वेढा घालून बसली होती, आणि काफिले दोन्ही बाजूंनी बिनघोर ये-जा करत होते. अक्का ख्रिस्ती लोकांच्या ताब्यात. तिथल्या जकातनाक्यावर गालिचे अंथरलेल्या ओट्यांवर ख्रिस्ती कारकून बसलेले, पुढ्यात सोन्याने मढवलेल्या आबनुसी दौती, आणि लिहिणं-बोलणं सगळं अरबीत! इब्न जुबैरला फ्रँकांचं प्रेम नव्हतं. या शहराचा नाश होवो, असंच तो म्हणतो. पण परतीला बसला तो जिनोआवाल्यांच्याच जहाजात.

व्यापाराने मनं जुळतात, असं मी म्हणणार नाही. अलेक्झांड्रियात युरोपीय व्यापाऱ्यांच्या वखारींना रात्री आणि शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी बाहेरून कुलूप लागे. लाकूड आणि लोखंड मुसलमानांना विकू नका, असं चर्चने ११७९ मध्ये बजावलं होतं. नफ्यापुढे ते कितीकांनी गुंडाळून ठेवलं. सगळ्यात वाईट म्हणजे काळ्या समुद्राकाठची मुलं गुलाम म्हणून जिनोआच्या जहाजांतून इजिप्तला जात. त्यांतली कित्येक पुढे मामलुक, म्हणजे गुलामीतून घडवलेले सैनिक, होत, आणि १२९१ मध्ये अक्का जिंकून घेतलं ते मामलुकांनीच. माणसांच्या या व्यापाराला कसलंही समर्थन नाही.

तरीही पिसाच्या त्या पत्रांकडे मन पुन्हा वळतं, कारण त्याच शहरातल्या लेओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ मध्ये आपलं हिशेबाचं पुस्तक पुरं केलं. त्याचे वडील आजच्या अल्जीरियातल्या बुजी बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकातीचं काम बघत. त्यांनी पोराला हिशेब शिकायला तिथेच बोलावून घेतलं, आणि तिथे त्याला भेटले भारतीयांचे नऊ अंक आणि शून्य. अरबी हिशेबनिसांच्या हातून गेलेले हे आपले आकडे युरोपात रुळायला या पुस्तकाचा मोठा हातभार लागला. त्यात मिऱ्यांचे भाव आहेत, कातड्यांची खरेदी आहे, नाण्यांचे बट्टे आहेत, भागीदारीतल्या वाटण्या आहेत. शून्याचा अभिमान आपण फार मिरवतो. ज्यांनी ते पुढे नेलं त्यांत बंदरावरचे हे दोन्ही धर्मांचे व्यापारी होते, हे मात्र क्वचितच सांगतो.

म्हणून धर्मयुद्धांचा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सलादीन आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड यांच्याबद्दल सांगून झालं, की तास संपायच्या आत ट्यूनिसच्या त्या कातडेवाल्यांचीही गोष्ट मुलांना सांगा.