दुखत नाही म्हणून

चि. अरुण,


बेंगळुरूत यशवंतपूरच्या यार्डात कांद्याच्या गोण्या मोजतानाही हल्ली तुला धाप लागते, असं सुमनने कळवलं. तुला मधुमेह आहे, डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितलाय आणि तू टाळतोयस. म्हणे, छातीत कधी दुखलं नाही आणि अंगाने मी किडकिडीत!

आधी अंगकाठीचं बघू. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांच्या अंगातही चरबी दडलेली असू शकते, तेव्हा किडकिडीत अंगावर विसंबू नकोस.

आता छातीचं. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की हृदयविकाराचा झटकासुद्धा कळ न येता येऊन जाऊ शकतो. आइसलँडमध्ये ९३६ वयस्कांचा हृदयाचा एमआरआय केला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. १७ टक्क्यांच्या हृदयावर न कळलेल्या झटक्याचा व्रण सापडला. ईसीजीत तो जेमतेम ५ टक्क्यांत दिसला होता. मधुमेहींत एमआरआयवर दिसलेल्या अशा व्रणाचं प्रमाण २१ टक्के निघालं.

एमआरआय विभागात माझी हयात गेली, म्हणून सांगते. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियमयुक्त द्रव्य निरोगी स्नायूतून लवकर निघून जातं, व्रणात रेंगाळतं. दहाएक मिनिटांनी तो भाग पडद्यावर पांढरा उमटतो. इकोत हृदयाचं आकुंचन दिसतं. स्नायूत काय बिघडलंय, ते एमआरआयमध्ये कळतं. क्ष-किरण अजिबात नाहीत.

छातीवर ईसीजीचे स्टिकर लावतील आणि हेडफोनमधून कन्नडमध्ये पुन्हा पुन्हा सांगतील, ‘उसिरु हिडिदुकोळ्ळि’. तेवढा श्वास रोखायचा. पाऊण-एक तास लागतो. मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे कळायला आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घे. औषध देऊन रक्तपुरवठा बघणार असतील, तर आदल्या दिवसापासून कॉफी बंद, यार्डातली फिल्टर कॉफीसुद्धा!

मधुमेह झाला म्हणजे प्रत्येकाला एमआरआय लागतो असं नाही. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, लघवीतलं अल्ब्युमिन, ईसीजी, इको यांवर बहुतेकांचं भागतं. तुझी धाप त्यातून उलगडली नाही, म्हणूनच डॉक्टर पुढचं सांगताहेत. व्रण निघाला तर औषधं नेमकी ठरतील, दुसरा झटका टाळण्याची धडपड वेळेत सुरू होईल. नाही निघाला, तरी धापेचं कारण शोधायचंच आहे.

या आठवड्यात तारीख घे आणि कळव. मी येते.

तुझी,
ताई