गाळ काढणारे हात

मराठी विकिपीडिया कसा चाललाय, असं विचारलं की लोक लेखांचा आकडा सांगतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या विश्वकोशात आज ९० हजारांहून अधिक लेख आहेत. मजकूर खुला, त्यामागची मीडियाविकी ही प्रणालीही खुली आणि लिहिणारे, तपासणारे जवळपास सगळे बिनपगारी. आकडा बघून अभिमान वाटतो. निगा कशी आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही.

मी आमच्या जालना जिल्ह्यातल्या खेड्यांची पानं उघडून बघतो. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. राज्यातल्या कितीतरी गावांच्या पानांवर हेच मथळे असतात आणि त्यांखाली फारसं काही नसतं. साचा एकदा तयार झाला की पानं भराभर वाढतात. स्वयंसेवकांना नावं ठेवायला एवढं पुरेसं आहे. पण त्याआधी पानाचा ‘इतिहास’ उघडावा. कुणी पुढाऱ्याची आरती लिहून गेलेलं असतं, कुणी शिवी. दुसऱ्या कुणीतरी ती पुसलेली असते. अशा कामाने लेखांचा आकडा एकानेही वाढत नाही.

काही दुरुस्त्यांना नुसती चिकाटी पुरत नाही, जाणही लागते. २०२३ मध्ये शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. आजच्या सीमा सांगताना नवं नाव हवं. पण १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला तो औरंगाबादेतून, तिथे जुनंच नाव राहायला हवं. सांगकाम्याला, म्हणजे आपोआप बदल करणाऱ्या प्रोग्रामला, सरसकट शोधून बदलायला लावलं तर तो इतिहासही बदलून टाकेल.

जालना तालुक्यातलं कडवंची पाणलोटाच्या कामासाठी आणि शेततळ्यांसाठी नावाजलेलं आहे. बघायला येणारे शेततळी किती ते विचारतात. गाळ कोण काढतं, हे क्वचितच कुणी विचारतं. बांध घालताना फोटो निघतात, गाळ काढताना नाही.

म्हणून खुल्या प्रकल्पाबद्दल मी तीन गोष्टी बघतो. चूक किती दिवस टिकते? नवख्याचा बदल परतवताना कारण सांगतात का? आणि मुख्य माणूस थकला तर पुढे कोण? तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा खुल्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. ते एकच स्वयंसेवक वर्षानुवर्षं सांभाळत होता. तो थकलेला असताना कुणीतरी मदतनीस म्हणून आलं, दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि घात केला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा एका अभियंत्याने पिच्छा पुरवला म्हणून ते उघडकीला आलं. नुसता दुसरा माणूस मिळून भागत नाही, त्याचंही काम बघणारा तिसरा लागतो.

मराठीत हे संख्याबळ तुटपुंजं आहे. इतिहासाच्या पानांवर तीच ती सदस्यनावं पुन्हा पुन्हा दिसतात. शाळेतलं पोर प्रकल्पाची वही भरताना मोबाइलवर तेच पान उघडतं आणि त्यातली चूक वहीत उतरवतं. त्यामुळे या मोजक्या लोकांना गुण देताना एक जागा आपल्यासाठीही ठेवावी. आपल्या गावाच्या पानावर ‘संपादन’ची कळ आपल्यालाही दिसते.